कोल्हापुरी कोणाच्या हातची?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात 'प्राडा' या बड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरवले आणि त्यातल्या तरुणांच्या पायांत चक्क आपली कोल्हापुरी दिसली. कोल्हापूरचे नाव मात्र कुठेच नव्हते; नुसत्या 'चामडी चपला' एवढाच उल्लेख. मग आपल्याकडे जो गहजब झाला तो वाचकांना आठवत असेल. निवेदने गेली, पत्रे गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचले (तिथे ती याचिका टिकली नाही). अखेर कंपनीने प्रेरणा भारतातली असल्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. दोन हजार जोड इकडे बनवायचे आणि सुमारे आठशे युरोला एक जोड विकायचा, अशी ती योजना. आठशे युरो म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या आसपास!

राग योग्यच होता. पण कंपनीने कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून संतापलेल्या आपल्यापैकी किती जणांना आपल्या पायातली जोडी शिवणाऱ्याचे नाव ठाऊक आहे? गायकाचे घराणे आपण विचारतो. पैठणी घेताना ती येवल्याची की पैठणची, हातमागाची की यंत्रमागाची, याची चौकशी होते आणि दुकानदार सांगेल ती किंमत बरीचशी निमूटपणे दिली जाते. चपलेच्या दुकानात शिरताच मात्र हीच मंडळी "शेवटचं सांगा" इथूनच सुरुवात करतात. पदर खांद्यावर मिरवतो आणि चप्पल दाराबाहेर राहते, एवढ्यानेच हा फरक पडतो असे मला वाटत नाही. त्यामागे जुने काहीतरी आहे. त्याकडे येतोच.

आधी कामाविषयी. कागल तालुक्यातल्या एका गावी मी दोन दिवस एका कारागिराच्या ओसरीवर बसून होतो. गावात सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागलो. अस्सल कोल्हापुरीची सुरुवात कमावलेल्या कातड्यापासून होते. चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढलेले कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे. जुन्या पद्धतीत तर कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात हे पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात. पाणी झिरपत राहते, कातडे ते पीत राहते. पुढे पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरचा भागही तितकाच मुरतो. यात काही आठवडे जातात. कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम दिवसा-दोन दिवसांत उरकते. ते कातडे मऊ आणि एकसारखे असते. पण त्याला पायाचा आकार तसा घेता येत नाही. सालीच्या कातड्याची चप्पल वापरता वापरता टाचेखाली, अंगठ्याखाली दबत जाते आणि वर्षभराने ती दुसऱ्या कोणाच्या पायाला बसत नाही. आमच्या लहानपणी लग्नघरी चपलांच्या ढिगातून प्रत्येकाला आपली नेमकी सापडे, ती यामुळेच.

मामांनी तळाचे जाड कातडे भिजवून दगडावर ठेवले आणि हातोडीने ठोकायला घेतले. ठोकून ठोकून ते घट्ट होते, मग झिजत नाही. त्यानंतर रापी. या चंद्रकोरी पात्याने ते तळ असा कापतात की, दुसऱ्यांदा हात फिरवावा लागत नाही. तळाच्या दोन थरांमध्ये बाजूला दोन 'कान' बसतात, त्यांतून पट्टा जातो, पुढे अंगठा. आरीने भोके पाडून हे सगळे चामड्याच्याच वादीने शिवायचे. खिळा नाही. पट्ट्यावरची वेणी घातली ती मामींनी, शेळीच्या पातळ कातड्याच्या दोऱ्यांची. ओसरीच्या त्या टोकाला बसून त्या माझ्याशी बोलत होत्या, सुनेला हाक मारत होत्या आणि बोटे चाललेलीच होती. कोल्हापुरीची ओळख म्हणून आपण जी दाखवतो ती वेणी बहुतेक घरांत बायकाच घालतात. दुकानाच्या पाटीवर 'अमुक आणि सन्स' असते.

"माल चांगला घातला तर एका जोडाला दोन दिस जात्यात," मामा म्हणाले. "गिऱ्हाईक म्हनतंय, पाचशेला मिळती की मॉलमधी. मिळती. पर साहेब, ती चप्पल कुठली?"

'कोल्हापुरी' या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट हे कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना ते नाव वापरण्याचा हक्क आहे. (सीमाभागावरून भांडणाऱ्या दोन राज्यांनी निदान चपलेपुरते एकत्र यावे, ही मोठीच गोष्ट.) पण कायद्याने नावाचे रक्षण झाले, दराचे झाले नाही. रबरी तळाला कृत्रिम चामड्याचा पट्टा चिकटवून ती याच नावाने रस्तोरस्ती विकली जाते. रबराला माझा विरोध नाही. पावसात तेच बरे. विरोध आहे तो त्याला कोल्हापुरी म्हणण्याला. कच्च्या मालाचीही अडचण आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून भिस्त मुख्यतः म्हशीच्या कातड्यावर.

आता त्या जुन्या गोष्टीकडे. 'ही कला जपली पाहिजे' असे वाक्य अशा लेखांत हमखास येते. जपायची कोणी? कातडे कमावणारा ढोर-कक्कय्या समाज, शिवणारा चर्मकार समाज. त्यांनी बनवलेल्या मोटेचे पाणी साऱ्या गावाच्या शेताला चालले. त्यांचा हात मात्र पाणवठ्याला चालला नाही. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडा म्हणून सांगितले, तेव्हा जन्माने गळ्यात पडलेल्या कामांविषयीचा प्रश्नच त्यांनी उभा केला होता. तेव्हा चर्मकाराच्या मुलाने बापाचा धंदा पुढे चालवावा, असे शहरातल्या गाद्यागिरद्यांवर बसून सांगण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही. आपला मुलगा आपण त्या ओसरीवर बसवणार आहोत का?

मामांचा मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. रविवारी घरी असला की, आरी हातात घेतो. हात बापासारखाच चालतो. मी त्याला विचारले, हेच का करत नाहीस? तो म्हणाला, "तिकडं पगाराची तारीख ठरलेली आहे. पी.एफ. आहे. मुलगी बघायला गेलो की, 'कारखान्यात आहे' म्हणून सांगता येतं." यातली पहिली दोन कारणे पैशाने दूर होतील. तिसऱ्याला पैसा पुरणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, हे काम जातीच्या हद्दीबाहेर नेले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जोडारी आणि वायरमन शिकवतात, तशी कातडी कमावण्याची व शिवण्याची इयत्ता निघावी आणि तिथे कोणाच्याही घरचा मुलगा, मुलगी बसावी. शिकवायला मामा-मामींसारखी माणसे असावीत, मास्तरांच्या मानाने आणि पगारावर. आठशे युरोच्या जोडातले शिवणाऱ्याच्या आणि वेणी घालणारीच्या हातात किती पडतात, हे महामंडळांनी जाहीर करावे. नुसता करार झाल्याचे समाधान फार काळ पुरत नाही.

आणि आपल्यापुरते? जोड घ्यायचा तर नीट घ्यावा. कडेला कातड्याचे थर दिसतात का पाहावे, वास घ्यावा, खिळा असेल तर ठेवून द्यावा. नवी चप्पल पहिला आठवडा चावते. आतून तेलाचे बोट फिरवावे आणि घरात वापरावी. पावसाळ्यात कपाटात ठेवावी. भावात घासाघीस करण्यापूर्वी, हा जोड कोणी शिवला, असे दुकानदाराला विचारावे. कोल्हापुरात मी चार दुकानांत विचारले. तिघांनी नाव आणि गाव सांगितले, आणि एकाने तर कारागिराला फोन लावून माझ्या हातात दिला.