शिशाचा गोळा आणि तराजूचं माप

गेल्या रविवारी सकाळी इथेच वाकोल्यात राहणाऱ्या एका मित्राकडे गेलो. दार उघडल्या उघडल्या ग्रीस जळल्याचा वास. आत ओट्यावर गॅस, गॅसवर स्टीलचं जुनं पातेलं आणि पातेल्यात चकाकणारा राखाडी रस. साहेब शिसं वितळवत होते! टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायची जुनी वजनं आणली होती, बाजूला घमेल्यात ओल्या वाळूचा साचा तयार. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्याची दीड वर्षांची लेक बसलेली. (ओल्या वाळूत तापलेलं शिसं ओतलं की वाफेने ते अंगावर उडतं, हा आणखी वेगळा मूर्खपणा.)

कशासाठी, तर डाऊनरिगरसाठी चार किलोचा गोळा हवा.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत नेणं. (जालावर चालतं ते ट्रोलिंग नव्हे, तरी तत्त्व तेच.) आमिष वरवर तरंगू नये, खाली जावं म्हणून होडीच्या कडेला एक चरखी बसवतात. चरखीला तार, तारेला जड गोळा, गोळ्याजवळ चिमटा आणि चिमट्यात गळाची दोरी. मासा लागला की चिमटा सुटतो. एवढंच.

आता ही चार-पाच किलोची अक्कल आली कुठून? अमेरिकेतल्या मोठ्या तळ्यांवरून. मिशिगन सरोवरात 1966 साली पॅसिफिक महासागरातले सामन मासे आणून सोडले. हे मासे उन्हाळ्यात थंड पाण्याच्या शोधात खूप खाली जातात, म्हणून तिथे चरख्या आणि जड गोळे लागले. ठीक आहे, त्यांची गरज आहे. पण आपण खारदांड्याहून निघून तासभर गेलो तरी खाली पाणी दहा-बारा मीटर! तिथे तिकडचा सल्ला जसाच्या तसा कॉपी-पेस्ट करायचा? आपण कोड असा उचलतो आणि मग प्रॉडक्शनला रडतो, हे वेगळं सांगायला नको.

मी कागदावर हिशेब मांडला. एक मिलिमीटर जाडीची तार, 10 मीटर सोडलेली, होडीचा पाण्यातला वेग सेकंदाला दीड मीटर, म्हणजे साधारण 3 नॉट. चार किलोचा शिशाचा गोळा सुमारे 9.7 मीटर खाली राहतो. दोन किलोचा? सुमारे 9.1. म्हणजे वजन दुप्पट करून कमावलं काय, तर 60 सेंटीमीटर. अहो, मीटरभर तार जास्त सोडा की! आणि गंमत म्हणजे पाणी गोळ्याला जेवढं मागे ओढतं त्याच्या चौपटीहून जास्त तारेला ओढतं. तेव्हा वजन वाढवायच्या आधी तार बारीक करा. तेही नको असेल तर वेग कमी करा. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, 3 वरून 2 नॉटवर आलात की ती निम्म्याहूनही कमी होते. फक्त लक्षात ठेवा, इथे वेग पाण्यातला मोजायचा. जीपीएस दाखवतो तो जमिनीच्या हिशेबाने. उधाणाच्या दिवशी भरतीच्या उलट निघालात तर जीपीएस 2 म्हणेल आणि तुमच्या गोळ्याला 4 चा मार बसत असेल. भांगाच्या दिवशी हा त्रास बराच कमी.

आता मुख्य प्रश्न. शिसंच कशाला? तोच दोन किलोचा गोळा लोखंडाचा घेतला तर सुमारे 8.9 मीटर. शिसं आणि लोखंड यांत फरक वीतभराचा! या वीतभर पाण्यासाठी माणूस पोरीच्या दुधाच्या पातेल्याशेजारी शिसं वितळवतो.

'समुद्राच्या तळाशी शिशाचा गोळा पडला तर काय होतंय?' असं त्याने विचारलंच. खरं सांगायचं तर अख्खा गोळा पाण्यात फार हळू झिजतो, त्याबद्दल मी ओरडत नाही. ब्रिटनने 1987 साली गळाची छोटी शिशाची वजनं बंद केली ती हंस ती गिळून मरत होते म्हणून. डेन्मार्कने 2002 मध्ये बंदी आणली. आपला धोका त्याच्या आधीच, घरातच सुरू होतो: वितळवताना उठणारी धूळ, राख, हाताला लागलेलं काळं, तोच हात भाकरीला. मुलांच्या रक्तात शिसं किती असलं तर चालेल, असा सुरक्षित आकडाच नाही. पेट्रोलमधलं शिसं देशभरात 2000 साली बंद झालं, 2015 साली मॅगीतल्या शिशावरून आपण सगळ्यांनी (या मित्राने सर्वांत जास्त) आकाशपाताळ एक केलं. आणि आता स्वतःच्या ओट्यावर?

'कोळ्यांच्या पागालाही शिशाच्या गोळ्या असतात, त्यांना सांग,' हे त्याचं पुढचं. असतात. पण त्यांचं त्यावर पोट आहे, आपली रविवारची हौस आहे. पोटापाण्याच्या माणसाकडे बोट दाखवून हौशी माणसाने सुटायचं नसतं. उलट आपला पाच किलोचा गोळा त्यांच्या डोलीच्या जाळ्यात अडकला की जाळं त्यांचं फाटतं आणि छोटी होडी आपली कलंडते. मागे एका खेपेला आमचा गोळा बघून होडीवाले काका म्हणाले होते, "काय रे बाबांनो, नांगर टाकताय का?" आम्ही हसलो होतो. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

असो. उपाय साधा आहे. भंगारवाल्याकडे वाण्याच्या तराजूची जुनी लोखंडी मापं मिळतात. दोन किलोचं एक घ्या, वरच्या कडीत शॅकल अडकवा, गंजू नये म्हणून रंग मारा. माप आणि तार यांच्यामध्ये कमजोर दोरीचा एक तुकडा बांधा, म्हणजे खडकात अडकलं तर तो तुटेल, होडी ओढली जाणार नाही. माप गेलं तर गेलं.

मित्राला हे पटलं, निदान तो तसं म्हणाला. माप काल मीच नेऊन दिलं. पातेलं मात्र ओट्याखाली धुऊन पालथं घातलेलं दिसलं, 'चांगलं आहे रे, टाकायचं कशाला' म्हणे. आज संध्याकाळी जाऊन ते मी उचलून आणणार आहे.