टायर स्वस्त घ्यावा की महाग? राजधानी क्षेत्रातील वाहनधारकांपुढील हिशेब

नवी दिल्ली : मोटारींच्या नव्या टायरवरील वस्तू आणि सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. कर वगळून पाच हजार रुपये किमतीचा टायर पूर्वी ६,४०० रुपयांना पडत असे, तो आता ५,९०० रुपयांना पडतो. चार टायरमागे दोन हजार रुपये वाचतात. ही रक्कम खिशात ठेवावी, की तीच घालून वरच्या श्रेणीचा टायर घ्यावा, असा प्रश्न दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद आणि फरिदाबाद येथील वाहनधारकांपुढे आहे.

राजधानी क्षेत्रात या प्रश्नाचे उत्तर इतर शहरांपेक्षा अवघड आहे. टायर किती वर्षे चालेल, याचा अंदाज दुकानदार देऊ शकतो. ज्या गाडीला तो बसवायचा, ती गाडी आणखी किती वर्षे रस्त्यावर राहील, हे मात्र मालकालाही सांगता येत नाही.

बाजारातील बदल

काही वर्षांपूर्वी स्वस्त टायर म्हटले की आयात केलेला, विशेषतः चिनी बनावटीचा टायर डोळ्यांपुढे येत असे. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये नव्या टायरची आयात 'मुक्त' गटातून काढून 'निर्बंधित' गटात टाकली. आयातीसाठी परवाना आवश्यक झाल्याने हे चित्र पालटले. आज दुकानात स्वस्त म्हणून दाखविला जाणारा टायर बहुधा देशी कारखान्यातला, आणि अनेकदा नामांकित कंपनीच्याच खालच्या श्रेणीतला असतो. टायर उद्योग राजधानी क्षेत्राला नवखा नाही. बल्लभगड, मोदीपुरम आणि बहादूरगड येथे बहुराष्ट्रीय कंपन्यांचे कारखाने उभे राहिले, तर देशातील एका मोठ्या टायर कंपनीचे मुख्यालय गुरुग्राममध्ये आहे.

स्वस्त टायर म्हणजे असुरक्षित टायर, असे सरसकट म्हणता येणार नाही. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार मोटारीच्या टायरवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यापुढे जाऊन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये 'एआयएस-१४२' हे मानक लागू करण्याची अधिसूचना काढली. ओल्या रस्त्यावरील पकड, फिरताना होणारा रोध आणि आवाज या तीन कसोट्या त्यात आहेत. नव्या रचनेच्या टायरसाठी ऑक्टोबर २०२२ पासून, तर आधीपासून बाजारात असलेल्या रचनांसाठी २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने त्या लागू झाल्या.

ही कसोटी टायर उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, एवढेच ठरविते. पस्तीस गुणांनी उत्तीर्ण झालेला आणि नव्वद गुण मिळविलेला, दोघेही एकाच फळीवर शेजारी उभे राहतात. युरोपीय महासंघात २०१२ पासून प्रत्येक टायरवर श्रेणी दाखविणारी पट्टी असते. तेथील मोजणीनुसार ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यास सर्वोत्तम आणि सर्वांत खालच्या श्रेणीच्या टायरमध्ये थांबण्याच्या अंतराचा फरक १८ मीटरपर्यंत जातो. चार गाड्या एकामागे एक उभ्या राहतील, एवढे हे अंतर आहे. २८ जून २०२४ रोजी दिल्लीत सफदरजंग येथे चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस झाला होता. पावसाळा तीन महिन्यांचा असला, तरी महाग टायरचे खरे मोल त्याच महिन्यांत कळते.

किलोमीटरचा हिशेब

समजा, एक टायर साडेतीन हजार रुपयांचा असून तो ३० हजार किलोमीटर चालतो. दुसरा सहा हजारांचा असून ५० हजार किलोमीटर चालतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरला ११.७ पैसे, तर दुसऱ्याचा १२ पैसे येतो. म्हणजे पूर्ण झिजेपर्यंत वापरल्यास दोघांचा भार जवळपास सारखाच आहे. उत्तम पकड आणि कमी आवाज हे फायदे जणू फुकट मिळतात. मात्र महाग टायर नेहमीच अधिक टिकतो, असेही नाही. वेगवान गाड्यांसाठी बनविलेले मऊ रबराचे टायर पकड चांगली देतात, पण लवकर झिजतात.

हाच हिशेब गाडी केवळ १५ हजार किलोमीटर चालणार असेल, तर उलटतो. स्वस्त टायरचा खर्च किलोमीटरला २३ पैसे, तर महाग टायरचा ४० पैसे होतो. राजधानी क्षेत्रातील अडचण येथे सुरू होते.

गाडीचे वय आणि न्यायालय

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ व २०१५ मधील आदेशांनुसार या क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना मज्जाव करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना दिल्लीत इंधन न देण्याचा निर्णय अमलात आला आणि काही दिवसांतच स्थगित झाला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत स्टेज-४ आणि त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले.

या घडामोडींचा परिणाम टायरच्या दुकानापर्यंत पोहोचतो. नऊ वर्षे झालेल्या डिझेल गाडीचा मालक पाच वर्षांचा विचार करून टायर घेऊ शकत नाही. अशा गाडीसाठी देशी कंपनीचा, मानकांत बसणारा, साधा टायर हा व्यवहार्य निर्णय ठरतो. नवी गाडी असलेल्याने, किंवा दरवर्षी वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याने, तोच निर्णय घेतल्यास तो वाचवतो थोडे आणि गमावतो अधिक.

शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. मे २०२४ च्या अखेरीस सफदरजंग येथे पारा ४६.८ अंशांवर गेला होता. उन्हात उभ्या गाडीचे रबर कडक होते आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. सहा वर्षांनंतर टायर बदलावा, अशी शिफारस अनेक वाहन कंपन्या करतात. पन्नास हजार किलोमीटरचा टायर घेऊन त्यातले तीस हजार वापरायचे असतील, तर उरलेल्या वीस हजारांचे पैसे वाया जातात.

द्रुतगती मार्गांची कसोटी

दुसऱ्या टोकाला दर शनिवार-रविवारी आग्रा किंवा जयपूर गाठणारे वाहनधारक आहेत. २०१२ मध्ये खुला झालेला १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा सोहना ते दौसा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाला असून तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायर तापत जातो. हवा कमी असेल तर बाजूच्या भिंती अधिक वाकतात, उष्णता वाढते आणि टायर फुटतो. महाराष्ट्रातील ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही हाच अनुभव आल्याने परिवहन अधिकाऱ्यांनी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या प्रवेशद्वारावरूनच परत पाठविण्याची मोहीम हाती घेतली होती.

अशा प्रवासासाठी वरच्या श्रेणीचा टायर घेणे योग्य ठरते. तथापि हवा न तपासलेला महाग टायर हा योग्य हवा असलेल्या स्वस्त टायरपेक्षा अधिक धोकादायक असतो, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे.

खरी धोक्याची रेषा

स्वस्त आणि महाग यांच्या वादात तिसरा पर्याय नजरेआड होतो. तो आहे जुन्या, उतरविलेल्या किंवा नव्याने खाचा कोरलेल्या टायरचा. काळा रंग फासला की सात वर्षांचा टायर नव्यासारखा दिसतो. त्याला कोणी किती खड्ड्यांतून नेले आणि आतील तारा शाबूत आहेत का, हे वरून कळत नाही. पैशांची चणचण असेल, तर आघाडीच्या कंपनीचा जुना टायर घेण्यापेक्षा साध्या कंपनीचा नवा टायर घेणे केव्हाही हिताचे. चारऐवजी दोनच टायर बदलणे शक्य असेल, तर नवे टायर मागच्या चाकांना बसवावेत, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीचा मागील भाग घसरत नाही.

खरेदीच्या वेळी दोन आकडे पाहणे पुरेसे आहे. टायरच्या भिंतीवरील चार अंक निर्मितीची तारीख सांगतात : '२३२५' म्हणजे २०२५ मधील तेविसावा आठवडा. त्याच भिंतीवर मापानंतर येणारा भारांक आणि वेगदर्शक अक्षर गाडीच्या मूळ टायरपेक्षा खालचे नसावे. वापर सुरू झाल्यावर खाचांची खोली पाहावी. कायद्याने मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर खोली आवश्यक आहे, पण पावसात तीन मिलिमीटरच्या खालीच पकड झपाट्याने घटू लागते. दिल्लीतून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्रात येणारी जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे चार अंक आधी वाचावेत. मालकाला गाडी लवकरच द्यावी लागणार असेल, तर शेवटचे टायर त्याने मन मोठे करून घेतलेले नसतात.

एक गोष्ट मात्र ग्राहकाच्या हाती नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने टायरसाठी ताऱ्यांची श्रेणी ऐच्छिक स्वरूपात सुरू केली, तिचा भर प्रामुख्याने इंधन बचतीवर आहे. ओल्या रस्त्यावर कोणता टायर किती अंतरात थांबवतो, हे एआयएस-१४२ च्या चाचणीतून कंपन्यांना ठाऊक झालेले असते. तीच माहिती श्रेणीच्या रूपाने प्रत्येक टायरवर छापणे बंधनकारक झाल्यास किमतीतील फरक कशासाठी द्यायचा, हे दुकानदाराच्या शब्दावर विसंबून न राहता ठरविता येईल.