टोपलीतलं पोर आणि गाळलेली गोष्ट

दोस्तांनो, मिशनच्या नर्सरीत तीन-चार वर्षांची पोरं काय शिकतात? हिंदुत्ववाले 'बाटवतात' म्हणून बोंबलतात. पांढरपेशे 'इंग्रजी सुधारतं' म्हणून रांगा लावतात. पोराच्या डोक्यात काय उतरतं, याच्याशी दोघांनाही देणंघेणं नाही. मी वस्तीत संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेतो, त्यांची रंगवायची पुस्तकं चाळतो. म्हणून बोलणं भाग आहे.

पोरं डबा उघडण्याआधी हात जोडतात. देवानं सहा दिवसांत जग केलं हे घोकतात. नोहाच्या तारवात जोडीनं चढणारी जनावरं मोजतात. वाटून खायला शिकतात. यात वाईट काही नाही. सगळी एकाच देवाची लेकरं, हे वाक्य या देशात पोराच्या कानावर पडणं लहान गोष्ट नव्हे. जोतिबा पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाई नगरला मिस फॅरारबाईंकडे शिक्षिका होण्याचे धडे घेऊन आल्या. ते ऋण आम्ही नाकारत नाही.

भांडण आहे ते गोष्टीतला काटा काढून टाकण्याशी.

मोशेची गोष्ट घ्या. नदी, लव्हाळ्याची टोपली, टोपलीत गोंडस बाळ. पोरं रंगवतात, बाई शाबासकी देतात. पण आईनं पोटचं पोर नदीवर का सोडलं? कारण तिचे लोक गुलाम होते, मिसरात विटा पाडत होते. त्यांचे मुलगे नदीत फेका, असा फारोचा हुकूम होता. वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईच्या पोराला हे लगेच कळेल. नेमकं तेच गाळलं जातं.

शोमरोन्याचंही तेच. जखमी माणसाला उचलणारा एक 'चांगला अंकल', बस्स! अरे, यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्यांतला तो एक. देवळाचा याजक बघून पुढं गेला, लेवी पुढं गेला, आणि हलका ठरवलेला माणूस थांबला. हे सांगितलं तर गोष्टीला दात येतात.

म्हणतात, एवढ्याशा पोरांना काय कळणार? नळावर कुणाची कळशी बाजूला सारतात, ते आमच्या पोराला तिसऱ्या वर्षीच कळतं!

आता फाटकाकडे या. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्याच वर्गात, नर्सरी असेल तर नर्सरीतच, दुर्बल आणि वंचितांना 25 टक्के जागा दिल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याकांच्या शाळांना त्यातून पूर्ण सूट दिली. 2025 साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न सरन्यायाधीशांकडे धाडला. अल्पसंख्याकांचा हक्क आम्हालाही प्यारा आहे. पण सूट म्हणजे मनाई नव्हे! शाळेला वाटलं तर उद्या सकाळी फाटक उघडता येतं. आत शोमरोन्याचं चित्र आणि बाहेर शोमरोनी उभा, हे किती दिवस चालणार?

आणि आपणही शहाणे होऊ. विहारात बालवाडी चालवणाऱ्यांनो, बाबासाहेबांचं गोड चित्र रंगवायला देऊन मोकळे होऊ नका. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यालो, एवढ्यावर थांबू नका. त्याच दिवशी आपल्या माणसांची डोकी फोडली, तेही सांगा. पोरं घाबरणार नाहीत. उलट विचारतील, 'मग आपण काय केलं?'

तो प्रश्न विचारणारं पोर घडवते, तीच खरी बालवाडी.

जय भीम!