उम्मत म्हणजे नेमके कोण?

अरबी 'उम्मा', म्हणजे आपली 'उम्मत', हा शब्द आपण बहुतेक वेळा 'जगभरचे सगळे मुसलमान' एवढ्याच अर्थाने वापरतो. कुरआनात तो इतका आखूड नाही. सूरह यूसुफमध्ये (12:45) कैदेतून सुटलेल्या माणसाला यूसुफ (अ.) यांची आठवण एका 'उम्मा'नंतर येते, तिथे अर्थ आहे बराच काळ. सूरह नहलमध्ये (16:120) एकटे इब्राहिम (अ.) हेच एक उम्मत. मदयनच्या पाणवठ्यावर जनावरांना पाणी पाजणारे लोक (28:23) हीसुद्धा उम्मत. आणि सूरह अनआममध्ये (6:38) जमिनीवरचे प्राणी, पंखांनी उडणारे पक्षी, सगळ्या तुमच्यासारख्याच उम्मती! कोडिंगमध्ये व्हेरिएबलचा अर्थ आपण स्कोप पाहून लावतो. अनुवाद वाचताना मात्र ही सवय सुटते.

माझ्या मते आज सर्वात महत्त्वाचा वापर कुरआनाबाहेरचा आहे. 622च्या हिजरतीनंतर मदीनेत झालेल्या करारात बनू औफच्या यहुद्यांना मोमिनांसोबतची एक उम्मत म्हटले आहे. त्यांना त्यांचा दीन, मुसलमानांना त्यांचा. शहरावर हल्ला झाला तर एकमेकांना मदत करायची. मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी 1938मध्ये 'मुत्तहिदा कौमियत और इस्लाम' लिहिले, तेव्हा याच कराराचा आधार घेतला.

वॉर्डातल्या पाण्यासाठी सगळ्या गल्लीची सभा भरते आणि आपल्यातलेच कुणी म्हणते, "हा उम्मतीचा प्रश्न नाही." कोणत्या अर्थाने नाही, हे त्याला जरूर विचारा.