वेडी बाभूळ

ओढ्याच्या काठी, रेल्वेच्या रुळांलगत किंवा धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळात एक काटेरी झाड दाटीने वाढलेले आपण पुष्कळदा पाहतो आणि बाभूळ समजून पुढे जातो. पण थोडे थांबून निरखावे. आपल्या बाभळीची फुले म्हणजे पिवळेधमक, मऊ गेंद. ह्या झाडाला मात्र बोटभर लांबीचे फिकट तुरे लोंबतात. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी. हिची लांब, चपटी व पिवळसर. ही वेडी बाभूळ. कोणी तिला विलायती म्हणतात. पण विलायतेशी तिचा काही संबंध नाही. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हे तिचे माहेर.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे बी भारतात आले. जेथे पाऊस तुटपुंजा आणि सरपणाचे हाल, अशा मुलखात तग धरणारे झाड मिळाल्याचा आनंदच झाला. जोधपूर संस्थानाने तर १९४० साली तिला राजवृक्षाचा मान दिला.

तिचा खरा पराक्रम पाहावा तो कच्छमध्ये. तेथे रणाला लागून बन्नी नावाचा सुमारे २,५०० चौरस किलोमीटरांचा गवताळ प्रदेश आहे. मालधारी लोक पिढ्यान् पिढ्या तेथे गुरे चारीत आले. रणातील खारट जमीन पुढे सरकू नये, म्हणून १९६१ च्या सुमारास वनखात्याने तेथे ३१,००० हून अधिक हेक्टरांवर वेडी बाभूळ लावली. हेतू चांगला होता. झाड जगले, वाढले. पण लावलेल्या जागी राहिले नाही.

तिच्या शेंगा गोड असतात. गुरे त्या आवडीने खातात. आतले कठीण बी पोटातून अखंड बाहेर पडते आणि शेणाच्या खतासह रुजते. ज्या गुरांच्या चाऱ्यासाठी बन्नी, त्याच गुरांनी बन्नीभर तिची पेरणी केली! पाने मात्र गुरे सहसा खात नाहीत; म्हणून रोप खुडले जाण्याचे भय नाही. दाट झाडीखाली गवत उगवत नाही. वरवर तोडावे, तर बुंध्यातून एकाच्या जागी चार फांद्या फुटतात. फार शेंगा खाल्ल्याने गाई आजारी पडतात, म्हशी त्या मानाने टिकतात. म्हणून कांकरेज गाई पाळणारे कित्येक मालधारी म्हशींकडे वळले.

ह्यावर कोणी म्हणेल, गरिबाची चूल ह्याच लाकडावर पेटते, त्याच्या कोळशावर कित्येकांचे पोट भरते. हे खरे आहे. म्हणून झाडाला राक्षस ठरविणे मला पटत नाही. त्याच्या मायदेशी त्याचे बी पोखरणारे किडे आहेत. तेथे ते शहाण्यासारखे राहते. दोष आपल्या दृष्टीचा आहे. झाड नसलेली जमीन दिसली, की आपण तिला खुशाल 'पडीक' म्हणतो!

आपल्या माळरानाकडे पाहा. तेथे गवत असते, ससे, खोकड, लांडगे असतात, चंडोल गातो. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला चहूकडे दूरवर दिसेल अशी मोकळी जागा लागते. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. पण महाराष्ट्रातील पुष्कळ माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ अशी परकी झाडे लावली गेली. आज माळढोक आपल्या राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. शिकार, वाढती शेती, विजेच्या तारा ही त्याची मोठी कारणे खरीच. पण ह्या हिरव्या लागवडीनेही त्याची जागा घेतली.

पावसाळ्यात शाळाशाळांतून वृक्षारोपण होते. खड्डा खणण्याआधी त्या जागी पूर्वी काय उगवत असे, हे गावातल्या एखाद्या मेंढपाळाला विचारावे. गवतांची नावे त्याला तोंडपाठ असतात. आपल्याला दोनचारही येत नाहीत.

बन्नीतही हे ज्ञान मालधाऱ्यांपाशीच आहे. तेथे काही ठिकाणी वेडी बाभूळ मुळासकट उपटून जागा मोकळी केली गेली. पाऊस पडला आणि त्या जमिनीत गवत पुन्हा उगवले.