लॉन कोणासाठी?



मुरुडच्या आमच्या सोसायटीची नोटीस आली आहे: अंगणातल्या पोफळी काढा, सगळीकडे एकसारखे लॉन लावा, तण दिसले की औषध फवारा. तेही चातुर्मासात!

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या झाल्या, आमचीही झाली. नंतर लावलेली रोपे केळीच्या सावलीत जपली. आता कुठे फळाला येतील, आणि त्या कापायच्या?

माडाच्या झावळ्या शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडत, ही तक्रार खरी होती. मी माड साफ करून घेतला. पण ‘शोभा दिसत नाही’ ही तक्रार नव्हे. पोफळींना मोरीचे पाणी जाते. लॉनला मे महिन्यात टँकर लागेल. घरात पाणी गाळून प्यायचे आणि अंगणातल्या जीवांवर विष ओतायचे, हे मला जमणार नाही.

नोटीस आली की घाबरू नका. उपविधी मागा, सर्वसाधारण सभेचा ठराव मागा. संस्थेच्या कारभाराचा वाद १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. मी कुऱ्हाड लावणार नाही.