विमानाने जहाजासाठी का थांबावे?

संपादक महाशय यांस,

बॉस्टनच्या लोगन विमानतळावर समोरून उंच जहाज जात असता उड्डाण रोखून धरणे ही निव्वळ दफ्तरदिरंगाई होय, असे गतांकातील पत्रलेखकांनी ठरविले, हे वाचून खेद झाला. कॅसल आयलंडच्या बांधावरून, कॉन्ली धक्क्याकडे निघालेले, पेट्यांची चळत रचलेले जहाज विमानतळासमोरून संथपणे सरकताना ज्याने पाहिले आहे, तो असे लिहिणार नाही. टेकडी किंवा मनोरा नकाशात कायमचा नोंदलेला असतो व त्याचा हिशेब आगाऊ करता येतो. जहाजाची डोलकाठी मात्र चालता अडथळा आहे. सर्व इंजिने शाबूत असता विमान तिच्यावरून सहज जाईल, हे मान्य. परंतु नियम बांधला आहे तो ऐन उड्डाणात एक इंजिन बंद पडण्याच्या प्रसंगासाठी, आणि तेव्हाही हिशेबी मार्ग अडथळ्याच्या किमान ३५ फूट वरून जावा लागतो. मग जहाजच का थांबवू नये, असा त्यांचा सवाल. अरुंद जलमार्गात, भरतीची वेळ साधून शिरलेले ते अवजड धूड वाटेत उभे केले, तर सुकाणूला दाद देईनासे होते. प्रवाशांचा खोळंबा मीही सोसला आहे. तरी नियंत्रकाने मागितलेली ती काही मिनिटे मी त्याला निःशंकपणे देईन.

आपला,
एक वाचक